व्हिनियर बसवण्याआधी इनॅमलचा हिशेब

१९३० च्या दशकात शर्ली टेंपल ही हॉलिवूडची सगळ्यात लाडकी बालतारका होती. तिच्या स्टुडिओची अडचण मात्र पहिली-दुसरीतली मुलगी असलेल्या कुठल्याही घरातलीच होती. तिचे दुधाचे दात पडत होते. शाळेच्या फोटोत बोळकं चालून जातं, पण सिनेमात एका दृश्यात दात आहे आणि पुढच्या दृश्यात नाही, हे कसं चालणार? कॅलिफोर्नियातले दंतवैद्य चार्ल्स पिंकस तेव्हा नटनट्यांसाठी दातांच्या दर्शनी भागावर बसणाऱ्या पातळ चकत्या तयार करत. कवळी बसवायच्या पावडरीने त्या चिकटवायच्या, कॅमेरा सुरू असेपर्यंत हसायचं आणि जेवायच्या आधी काढून ठेवायच्या. खालच्या दाताला कुणी हातही लावत नसे.

अशाच चकतीचं आजचं रूप म्हणजे व्हिनियर. ते असं काढून डबीत ठेवता येत नाही, आणि त्यामागे दोन शोध आहेत. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी दाखवलं, की दाताच्या इनॅमलवर, म्हणजे वरच्या कठीण कवचावर, फॉस्फोरिक आम्ल थोडा वेळ लावलं तर त्यावर सूक्ष्म खाचा पडतात आणि रेझिन हा प्लास्टिकसारखा पदार्थ त्यांत रुतून बसतो. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड सायमनसेन आणि जॉन कलामिया यांनी पोर्सेलिनच्या आतल्या पृष्ठभागावर हायड्रोफ्लोरिक आम्लाने तोच परिणाम साधला. दोन्ही पृष्ठभाग खरखरीत आणि मध्ये रेझिन, असा हा सांधा. त्याच्या जोरावर अर्ध्या मिलिमीटरची सिरॅमिकची चकती वर्षानुवर्षं भाकरी तोडते.

या सांध्याची एक अट आहे आणि ती जाहिरातीत सहसा दिसत नाही. तो खात्रीने टिकतो तो इनॅमलवर. त्याखालच्या डेंटिनवर पकड कमी मिळते आणि ती लवकर सुटते. त्यामुळे व्हिनियर करावं की नाही हे ठरवताना रंगाच्या तक्त्याकडे नंतर पाहावं. दातावर इनॅमल किती आहे आणि त्यातलं किती काढलं जाणार आहे, हे आधी विचारावं.

इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. वजनाच्या हिशेबाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. पण ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपून जातात, म्हणून नखासारखं ते पुन्हा वाढत नाही. पटाशीच्या दातावर मधल्या भागात ते जेमतेम मिलिमीटरभर जाड असतं आणि हिरडीलगत त्याच्या निम्म्यावर येतं. व्हिनियरसाठी दात साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर घासावा लागतो. म्हणजे कसबी हाताने केलं तर सगळं काम इनॅमलच्या आत आटोपतं, पण हात थोडा जड पडला किंवा रुग्णाने ‘एकदम पांढरेशुभ्रच हवेत’ असा हट्ट धरला, तर हिरडीजवळ डेंटिन उघडं पडायला वेळ लागत नाही.

इस्तंबूलचे दंतवैद्य गालिप ग्युरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ वर्षांच्या काळात बसवलेल्या सुमारे ५८० व्हिनियरचा पाठपुरावा २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. सगळी मिळून ८६ टक्के टिकली होती. ज्या दातांवरची घासणी इनॅमलच्या आतच राहिली होती, त्यांच्यात हे प्रमाण ९९ टक्के होतं, तर ज्या व्हिनियरची कड डेंटिनवर आली होती, ती कितीतरी जास्त प्रमाणात निकामी झाली. दात तेच, सिरॅमिक तेच, फरक पडला तो घासणीच्या खोलीने.

गंमत अशी, की याच तुर्कस्तानचं नाव दातांच्या बाबतीत ब्रिटनमध्ये थट्टेचा विषय झालं आहे. स्वस्त पॅकेज, विमानाचं तिकीट, हॉटेल आणि आठवडाभरात वीसेक नवे दात, असं करून परतलेल्या तरुणांच्या तोंडातल्या एकसारख्या खडूपांढऱ्या रांगेला तिथे ‘टर्की टीथ’ म्हणतात. ब्रिटिश दंतवैद्यांची तक्रार रंगाबद्दल कमी आणि आतल्या कामाबद्दल जास्त आहे. व्हिनियर म्हणून विकलेल्या अनेक कामांत प्रत्यक्षात दात चारही बाजूंनी कोरून त्यावर कॅप चढवलेली असते. या दोन गोष्टींतलं अंतर संशोधक एडेलहॉफ आणि सोरेन्सन यांनी २००२ मध्ये वजन करून मोजलं होतं. व्हिनियरसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागातला ३ ते ३० टक्के भाग जातो, पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. पंचविशीतल्या निरोगी दाताचा इतका भाग काढला, तर आतली नस दुखावण्याची आणि पुढे रूट कॅनॉल करावं लागण्याची शक्यता वाढते. पुण्या-मुंबईत ‘स्माइल मेकओव्हर’च्या चौकशीला जाणाऱ्यानेही म्हणूनच पहिल्या भेटीत स्पष्ट विचारावं: हे व्हिनियर आहे की कॅप? दात फक्त समोरून घासणार की सगळीकडून?

त्याच्याही आधी, तक्रार नेमकी काय आहे ते ओळखायला हवं. ‘दात खराब दिसतात’ या एका वाक्याखाली निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याच व्हिनियरपर्यंत पोहोचण्याआधीच सुटतात.

चहा, तंबाखू, मशेरी, पान यांचे डाग आणि दातांवर साठलेलं कीटण वरवरचं असतं. स्केलिंगने, म्हणजे लोक ज्याला दात साफ करून घेणं म्हणतात त्याने, ते एक-दोन भेटींत निघतं. स्केलिंगने दात हलतात आणि झिजतात, हा समज मात्र महाराष्ट्रात चिवट आहे. वास्तविक कीटणाने हिरड्या आधीच सैल झालेल्या असतात, कीटण निघाल्यावर ते फक्त उघड होतं. जी माणसं या भीतीने स्केलिंग टाळतात, त्यांच्यातलीच काही इन्स्टाग्रामवरची चित्रफीत पाहून निरोगी दात घासून घ्यायला तयार होतात, हे जरा नवलाचंच.

दात मुळातच पिवळसर असतील तर ब्लीचिंगचा पर्याय आहे. घरी रात्री साच्यात जेल भरून वापरण्याची १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची पद्धत १९८९ पासून वापरात आहे. दात काही दिवस शिवशिवतात, रंग कालांतराने थोडा परततो, पण दात घासला जात नाही. यात क्रम महत्त्वाचा आहे. ब्लीचिंगचा सिरॅमिकवर काहीच परिणाम होत नाही. चार दातांवर व्हिनियर बसवून नंतर बाकीचे उजळ करून घेतले, तर रंगाचा मेळ पुन्हा जमणं कठीण. उजळवायचे असतील तर आधी ते करावं, मग साधारण दोन आठवडे थांबावं, कारण दातात उरलेला ऑक्सिजन रेझिनची पकड कमी करतो, आणि त्यानंतर व्हिनियरचा रंग निवडावा.

एकच दात काळवंडला असेल तर लहानपणी सायकलवरून पडल्याची किंवा क्रिकेटचा चेंडू लागल्याची आठवण बहुतेक निघतेच. आतली नस मेली की दात करडा पडतो. अशा दाताचं रूट कॅनॉल करून त्याला आतून ब्लीच करता येतं. एका दातासाठी शेजारच्या पाच निरोगी दातांवर व्हिनियर सुचवलं जात असेल, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला हरकत नाही. दात वाकडे असतील तर तारा किंवा अलाइनर. त्यांना सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत वेळ लागतो आणि लग्नाच्या तारखा इतकं थांबत नाहीत हे खरं. तरीही वाकडा दात सरळ ‘दिसावा’ म्हणून एका बाजूने खोल घासणं हा सर्वांत महाग पडणारा शॉर्टकट आहे.

फ्लोरोसिसची गोष्ट वेगळी आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या अनेक वाचकांच्या घरची. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. कायमचे दात हिरडीत घडत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, मुलाच्या पोटात ते जास्त गेलं की दात खडूसारखे पांढरे ठिपके किंवा तपकिरी पट्टे घेऊनच बाहेर येतात. ब्रशने कितीही घासले तरी हे डाग जात नाहीत, आणि नोकरीच्या मुलाखतीत किंवा स्थळ पाहायला आलेल्यांसमोर तोंडावर हात धरणारी मुलं-मुली या भागात नवीन नाहीत. सौम्य डागांना मायक्रोअ‍ॅब्रेजन, म्हणजे आम्ल आणि बारीक पावडरने वरचा अगदी पातळ थर पुसून काढणं, किंवा पांढऱ्या ठिपक्यांत पातळ रेझिन मुरवणं पुरतं. खोल, खड्डे पडलेल्या दातांना मात्र व्हिनियर खरोखर न्याय देतं. इथेही एक बारकावा आहे: फ्लोराइड मुरलेलं इनॅमल आम्लाला सहज दाद देत नाही, त्यामुळे ते जास्त वेळ खरखरीत करावं लागतं. फ्लोरोसिसचे रुग्ण नेहमी पाहणाऱ्या डॉक्टरला हे सांगावं लागत नाही.

लहान वयात टेट्रासायक्लिन गटातली औषधं दिली गेल्याने आलेले करडे-तपकिरी आडवे पट्टे याच खोल डागांच्या जातीतले. ते ब्लीचिंगने जायला महिनोन्‌महिने घेतात आणि पूर्ण जातीलच असं नाही. त्यावर व्हिनियर करायचं तर खालचा काळेपणा झाकणारं थोडं जाड, अपारदर्शक सिरॅमिक लागतं.

व्हिनियरचा उत्तम उपयोग होतो तो आणखी काही ठिकाणी. पटाशीच्या शेजारचा दात जन्मतःच खुंटीसारखा बारीक असणं हे त्यातलं एक. तिथे दाताला मोठं व्हायचं असतं, त्यामुळे घासायला जवळपास काहीच लागत नाही. दोन दातांमधली फट, कोपरा तुटलेला दात, आम्लपित्त किंवा शीतपेयांनी झिजलेले दात, हेही त्यातच येतात. शेवटच्या प्रकारात मात्र पित्तावर आधी उपचार हवा, नाहीतर तेच आम्ल व्हिनियरच्या कडेने उरलेला दात खात राहतं. फटीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी: ती दोष आहे की ओळख, हे ज्याचं त्याने ठरवावं. अमेरिकन मॉडेल लॉरेन हटनची कारकीर्द त्या फटीसकट घडली. जपानमध्ये काही वर्षांपूर्वी पुढे आलेले सुळे गोड दिसतात म्हणून मुली पैसे देऊन तसे कृत्रिम सुळे बसवून घेत होत्या.

काहींनी थांबावं, हे उत्तम. हिरड्यांतून रक्त येतंय, दातांना कीड आहे, तर तो हिशेब आधी मिटवावा. अठराच्या आतल्या मुलांच्या दातातली नस मोठी असते, हिरडीची रेषाही अजून स्थिरावायची असते. झोपेत दात खाणाऱ्यांनी विशेष सावध राहावं. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ३१८ व्हिनियरचा दीर्घकाळाचा हिशेब मांडला, त्यात दात खाण्याची सवय असलेल्यांमध्ये व्हिनियर निकामी होण्याचा धोका ७.७ पट होता. आपण दात खातो हे स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला विचारावं. सकाळी जबडा जड वाटत असेल किंवा सुळ्यांची टोकं सपाट झाली असतील, तर ती त्याचीच खूण. अशांना व्हिनियर करता येतं, पण रात्री नाइट गार्ड घालण्याची तयारी हवी, तीही कायमची. आणि ज्यांना आरशात दर आठवड्याला नवा दोष सापडतो, दातांनंतर नाक, नाकानंतर हनुवटी, त्यांच्यासाठी दंतवैद्याच्या खुर्चीपेक्षा समुपदेशकाची खुर्ची जास्त उपयोगी ठरते. चांगले डॉक्टर अशा रुग्णाला नाही म्हणतात.

आता पैसे आणि वर्षं. इन्सब्रुकच्या त्याच पाहणीत १० वर्षांनी ९३.५ टक्के आणि २० वर्षांनी सुमारे ८३ टक्के व्हिनियर शाबूत राहण्याचा अंदाज निघाला. हे आकडे चांगलेच आहेत. पण ते अनुभवी हातांनी केलेल्या आणि नियमित तपासलेल्या कामाचे आहेत, आणि तरीही ते ‘कायमचं’ म्हणत नाहीत. समजा कुणी २८ व्या वर्षी आठ दातांवर व्हिनियर केलं आणि दाताला १२ हजार रुपये मोजले, तर ९६ हजार झाले. दर १५ वर्षांनी ती बदलावी लागली असं धरलं, तर ४३, ५८ आणि ७३ व्या वर्षी पुन्हा तोच खर्च, त्या त्या वेळच्या भावाने. शिवाय जुनं सिरॅमिक ड्रिलने काढताना ते कुठे संपतं आणि दात कुठे सुरू होतो, हे डोळ्याला सहज दिसत नाही, त्यामुळे दर खेपेला थोडं इनॅमल आणखी जातं. आरोग्य विमा यात मदत करत नाही. सौंदर्यासाठीचे उपचार सर्वसाधारण पॉलिसीत वगळलेलेच असतात.

खर्चाकडे पाहून कंपोझिटचा पर्याय सुचवला जातो आणि तो दुय्यम मानण्याचं कारण नाही. दातावर थेट रेझिनचे थर चढवून एकाच बैठकीत आकार दिला जातो. किंमत बरीच कमी, घासणी नगण्य, तुकडा उडाला तर त्याच जागी दुरुस्ती. उणी बाजू अशी, की पाच-सात वर्षांत त्याचं तेज जातं आणि हळद, चहा, कोकम त्यावर आपली खूण ठेवतात. तरुण वयात, एखाददुसऱ्या दातासाठी, किंवा नवं हसू आपल्याला रुचतं का हे अजमावायला कंपोझिट हा शहाणपणाचा पहिला टप्पा आहे, कारण तिथून मागे फिरता येतं.

सिरॅमिकच्या कामाला दोन-तीन भेटी आणि दोन-तीन आठवडे लागतात. लग्नाची तारीख धरून चाललेल्यांनी किमान दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत. हळदीच्या आदल्या दिवशी तात्पुरतं व्हिनियर निसटणं कुणालाच नको असतं. या साऱ्या प्रक्रियेतली सर्वांत मोलाची पायरी म्हणजे मॉक-अप. दाताला ड्रिल लागण्यापूर्वीच मेणाच्या नमुन्यावरून तयार केलेला नवा आकार तात्पुरत्या साहित्याने दातांवर बसवून दाखवला जातो. तो घालून बोलून पाहावं, ‘फ’ आणि ‘व’ नीट उमटतात का ऐकावं, फोटो काढावा, घरच्यांना दाखवावा. ग्युरेल यांच्या पद्धतीत तर या मॉक-अपवरूनच घासणीची खोली ठरते, त्यामुळे गरजेपेक्षा कणभरही जास्त दात जात नाही. मॉक-अपला वेळ नाही असं सांगणाऱ्या दवाखान्यातून सरळ उठून यावं.

रंगाबाबत थोडं सबुरीनं घ्यावं. शेड गाइडच्या, म्हणजे रंगाच्या तक्त्याच्या, नेहमीच्या १६ छटांपलीकडे ब्लीच नावाच्या आणखी पांढऱ्या छटा असतात, आणि दवाखान्याच्या प्रखर दिव्याखाली त्याच भुरळ घालतात. छटा दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी निवडावी. डोळ्याच्या पांढऱ्या भागापेक्षा दात जास्त पांढरे असले की बघणाऱ्याची नजर आधी दातांवरच जाते. नैसर्गिक दात हिरडीजवळ किंचित गडद आणि टोकाशी किंचित पारदर्शक असतो. चांगला लॅब टेक्निशियन हे थर हाताने उभे करतो आणि त्याचेच पैसे असतात.

काम कोण करतंय, हेही तपासावं. दात घासण्याचा अधिकार नोंदणीकृत दंतवैद्यालाच आहे, ब्यूटी पार्लरला नाही. महाराष्ट्रात त्यांची नोंद राज्य दंत परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा काही नाही. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत स्वतःला ‘व्हिनियर टेक’ म्हणवणाऱ्या, परवाना नसलेल्या मंडळींनी हॉटेलच्या खोल्यांतून हे काम केलं आणि काहींना अटकही झाली. कृत्रिम दात आणि व्हिनियर हा विशेष विषय असलेले एमडीएस म्हणजे प्रोस्थोडॉन्टिस्ट. कंझर्व्हेटिव्ह दंतशास्त्रात एमडीएस केलेले डॉक्टरही हे काम नेहमी करतात. त्यांना त्यांच्याच रुग्णांचे पाच-सात वर्षांनंतरचे फोटो मागावेत. काम संपलं त्या दिवशीचा फोटो सगळ्यांकडेच असतो. आणि एक प्रश्न जरूर विचारावा: मी यातलं काहीच केलं नाही, तर दातांचं काय बिघडेल? निरोगी दातांच्या बाबतीत प्रामाणिक उत्तर ‘काही नाही’ असंच आहे, आणि ते सहजपणे देणाऱ्या डॉक्टरवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

बसवल्यावर पथ्यं फारशी नाहीत. ऊस दाताने सोलू नये, सुपारी आणि कडक चिक्की पुढच्या दातांनी फोडू नये, दोरा तोडू नये, पाकीट फाडू नये. मऊ ब्रश, फ्लॉस आणि सहा महिन्यांनी तपासणी. कीड सिरॅमिकला लागत नाही, पण त्याच्या कडेला दाताला लागते.

आणि ज्यांचं अजून ठरत नाहीये, त्यांच्यासाठी दुसरं मत महाग नाही. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, या सगळीकडे बाह्यरुग्ण विभाग आहेत आणि तिथल्या डॉक्टरांना कुणाला पॅकेज विकायचं नसतं. जाताना खासगी दवाखान्यातला एक्स-रे आणि लेखी अंदाजपत्रक सोबत न्यावं. त्या अंदाजपत्रकात दातांची संख्या, सिरॅमिकचा प्रकार, लॅबचं नाव, व्हिनियर की कॅप, आणि तुटल्यास बदलून देण्याची मुदत लिहिलेली नसेल, तर आधी तेवढं लिहून घ्यावं आणि मगच रांगेत उभं राहावं.